कोळशाचा घरगुती फिल्टर: दोन बादल्या, एक पिंप आणि शेवटची उकळी

गेल्या पावसाळ्यात मी ओट्याच्या कोपऱ्यात दोन लहान बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. गावोगावी पिण्याचं पाणी तपासायला वापरतात त्या एच-टू-एस बाटल्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याची दाट शक्यता, असं समजायचं. एका बाटलीत माझ्या कोळशाच्या फिल्टरमधून उतरलेलं पाणी होतं. नितळ, बिनवासाचं, चवीला छान. दुसरीत तेच पाणी, पण उकळून गार केलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली बाटली काळीकुट्ट झाली होती. दुसरीतलं पाणी होतं तसंच होतं.

फिल्टर कसा करायचा हे सविस्तर सांगणारच आहे. पण ही काळी बाटली डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा. कोळसा पाण्याचा वास, रंग आणि क्लोरीन काढतो. जंतू मारत नाही. शिवाय नळाच्या पाण्यात जंतूंना रोखून धरायला जो क्लोरीन घातलेला असतो, तोही कोळसा काढून घेतो. म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या पाण्याला राखण उरत नाही आणि त्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. सोसायटीच्या टाकीत तीन ठिकाणचं पाणी एकत्र होतं: महापालिकेचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात, गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजाराचे, रुग्ण वाढले. तपासलेल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं. त्या दिवसांत घरोघरी पातेली गॅसवर चढली ती आमच्याकडे अजून उतरलेली नाहीत. फिल्टर मी केला तो टँकरच्या पाण्याच्या वासासाठी. उकळूनही तो वास जात नव्हता आणि मुलं पाणी प्यायला टाळाटाळ करायची.

आधी पाणी ओळखा

तुमच्या पाण्याची तक्रार कोणती आहे, यावर हा फिल्टर उपयोगाचा की नाही ते ठरतं. क्लोरीनचा उग्र वास, शेवाळी किंवा मातकट वास, पिवळसर झाक, प्लास्टिकच्या टाकीचा वास, यांवर कोळसा चांगला चालतो. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर ते क्षार आहेत आणि कोळसा त्यांना हातही लावत नाही. आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट, त्याच्या भेगांतून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत आहे. जडपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. नायट्रेट, फ्लोराइड यांच्यावरही कोळशाचा भरवसा धरू नका. पाणी फक्त बोअरचंच असेल, तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मगच बादलीला भोक पाडा.

एकाच मडक्यात सगळे थर का नकोत

शाळेच्या पुस्तकात तिवईवरच्या मडक्यांचं चित्र असायचं: वाळू, कोळसा, खडी. इंटरनेटवर तेच सगळं एका बाटलीत थरावर थर देऊन दाखवतात. मीही पहिला फिल्टर तसाच केला. दोन आठवड्यांत वाळूवर गाळाची साय धरली आणि पाणी उतरेना. वाळू धुवायची तर कोळसा उपसावा लागतो, कोळसा उपसला की तो खडीत मिसळतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाळ अडवणं हे वाळूचं काम, वास धरणं हे कोळशाचं. वाळू दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते, कोळसा महिनोन्‌महिने हलवायचा नसतो. म्हणून दोघांची घरं वेगळी हवीत. माझ्या मांडणीत वरच्या पायरीवर वाळूची बादली, मधल्या पायरीवर कोळशाची आणि खाली तोटीचं स्टीलचं पिंप आहे. कुंड्यांसाठी मिळतो तो तीन पायऱ्यांचा लोखंडी स्टँड यासाठी उत्तम. मात्र तो दणकट बघून घ्या, कारण भरलेली वाळूची बादली वीस किलोच्या आसपास जाते. बादल्या एकमेकींच्या झाकणावर चढवू नका.

सामान

दहा लिटरच्या दोन झाकणाच्या बादल्या, खाण्याच्या पदार्थांसाठी बनवलेल्या. केटरिंगवाल्यांकडे दह्याच्या रिकाम्या बादल्या मिळतात, त्या चांगल्या. लोणच्याची बादली घेऊ नका, तो वास प्लास्टिकमधून कधीच जात नाही. आणि रंगाची रिकामी बादली तर कितीही घासली तरी नको म्हणजे नको.

बाकीचं सगळं पुण्याच्या बोहरी आळीतल्या बाजारात एका फेरीत मिळतं: अर्धा इंची टँक निपल (बादलीच्या भोकात बसवायचा पाइपजोड) दोन, त्यांचे रबरी वॉशर, टेफ्लॉन टेप, निपलला बसणारा एल्बो (काटकोनी जोड), पिण्याच्या पाण्याचा अर्धा इंची पाइप तीन-चार फूट, पाइपची बुचं, एक लहान कॉक आणि नायलॉनची बारीक जाळी. सांडपाण्याचा पाइप स्वस्त पडतो, पण पिण्याच्या पाण्याला तो वापरू नये.

वाळू साधारण दहा किलो. बांधकामावरची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नको, तिच्यात दगडाची भुकटी फार असते. पाणी शुद्धीकरणाचं सामान विकणाऱ्यांकडे फिल्टरची वाळू मिळते, ती घ्या. वाळूवर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी आणखी जड करेल. शिवाय वाटाण्याएवढी आणि ज्वारीएवढी अशी दोन मापांची धुतलेली खडी, मिळून सात-आठ किलो.

कोळसा: विकतचा की घरचा

इथे मी स्पष्ट बोलते. रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी करवंटीचा सक्रिय कोळसा विकत आणा. साधा कोळसा आणि सक्रिय कोळसा दिसायला सारखे, पण आतून त्यांच्यात फार अंतर. करवंटी हवेशिवाय जाळली की कोळसा होतो. तो पुढे ८०० ते १००० अंशांच्या आसपास वाफेवर तापवला की त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रं उघडतात. अशा एक ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. वासाचे रेणू याच भिंतींना चिकटून बसतात. घरच्या चुलीवर ती वाफ आणि ती आच सांभाळणं जमत नाही. कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवून घरीच कोळसा सक्रिय करण्याची कृती बरेच जण सांगतात. पण त्यातून काय तयार झालं हे मोजायचं साधन घरात नसतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

दुकानात दोन गोष्टी विचारा. आयोडीन नंबर ९०० च्या वर हवा. हा आकडा छिद्रं किती आहेत त्याचं माप. आणि दाणा ८ बाय ३० किंवा १२ बाय ४० मेशचा (मेश म्हणजे दाणा चाळायच्या जाळीचं माप) हवा, भुकटी नको. आपल्याला दोन किलो पुरतो, तो बादलीत साधारण चार लिटर जागा घेतो.

तरीही घरी कोळसा करून बघायचा असेल, तर तो अनुभव घेण्यासारखा आहे. मी भोरजवळ मामाच्या शेतावर केला. सोसायटीच्या आवारात हे करायला जाऊ नका. धूर होतो, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा घासून घ्यायचा, त्यात कडकडीत वाळलेल्या, शेंड्या काढलेल्या करवंट्यांचे तुकडे ठासून भरायचे, झाकण घट्ट बसवायचं आणि झाकणाला पेन्सिलीएवढं एकच भोक पाडायचं. डबा तीन विटांवर ठेवून भोवती जाळ करायचा. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर, आणि मग तो वायू स्वतःच पेटून भोकावर ज्योत धरतो. ज्योत विझली की आतला जळणारा वायू निघून गेला. भोक चिखलाने लिंपायचं आणि डबा रात्रभर तसाच सोडायचा. मी तासाभराने झाकणाला हात घालत होते तेव्हा मामा ओरडला, "अगं, हवा लागली की भडकेल ते! सकाळी बघू." त्याचं बरोबर होतं. गरम कोळशाला हवा मिळाली की तो भपकन पेटतो. चार किलो करवंटीतून साधारण किलोभर कोळसा निघतो. तुकडा मोडला तर खणखणीत आवाज यावा आणि आतून काळा चकचकीत दिसावा. तपकिरी दिसला तर तो कच्चा आहे.

हा कोळसा खलबत्त्यात फोडून गव्हाच्या चाळणीने चाळा, मग खाली पडलेला भाग पिठाच्या चाळणीने. पिठाच्या चाळणीत जे राहतं तेवढंच वापरायचं. एवढं करून तो वास थोडाफार धरतो, पण लवकर थकतो. दोन-तीन आठवड्यांत बदलावा लागतो. शेगडीचे वड्यांसारखे कोळसे, दगडी कोळसा, प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा कोळसा, यांतलं काहीही पाण्यात घालू नका.

दोन्ही कोळशांतला फरक मी असा पाहिला. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानातून मिथिलीन ब्लू हा निळा रंग आणला, दोन पेले पाण्यात एकेक थेंब टाकला आणि एकात घरचा, एकात विकतचा, एकेक चमचा कोळसा घालून मधूनमधून ढवळलं. विकतच्या कोळशाचं पाणी संध्याकाळपर्यंत जवळजवळ रंगहीन झालं, घरच्याचं निळंच होतं. ते पाणी आणि तो कोळसा फेकून द्यायचा, पेलेही टाकाऊच घ्यायचे.

धुणं, आणि पुन्हा धुणं

या कामात खरा वेळ धुण्यातच जातो आणि नेमकी तिथेच घाई होते. वाळू थोडी थोडी घेऊन हाताने रगडून धुवा. मला बारा पाणी लागली. झाली का, हे बघायला एका बाटलीत थोडी वाळू आणि भरपूर पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात वरचं पाणी स्वच्छ दिसलं तर झाली. मग ती उन्हात पसरून कडक वाळवा.

कोळसा हळुवार धुवा. रगडला तर त्याचीच भुकटी होते. पाणी ओतायचं, हलकेच फिरवायचं, काळं पाणी काढून टाकायचं. मग चोवीस तास भिजत ठेवा. पहिले काही तास बारीक बुडबुडे येत राहतात, ती छिद्रांतली हवा. ती बाहेर पडली नाही तर पाणी आत शिरत नाही आणि दाणे तरंगत राहतात. घरचा कोळसा असेल तर दहा-पंधरा मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या, म्हणजे राख निघून जाते. राख राहिली तर पाणी बोटांना बुळबुळीत लागतं.

जुळणी

दोन्ही बादल्यांना तळापासून दोन बोटं वर भोक पाडा. ड्रिलने पाडलेलं बरं, तापवलेल्या सळईने कडा वेड्यावाकड्या होतात आणि तिथूनच गळतं. निपलच्या आतून एक, बाहेरून एक वॉशर लावून हाताने घट्ट आवळा. आत निपलला वीतभर पाइप जोडा, त्याला खालच्या बाजूने बारीक भोकं पाडा, टोकाला बूच लावा आणि सगळ्यावर नायलॉनची जाळी दोनदा गुंडाळून बांधा. आता बादलीत साधं पाणी भरून तासभर ठेवा. गळती आता दिसली तर दहा मिनिटांचं काम, थर भरल्यावर दिसली तर अख्खा दिवस जातो.

वाळूच्या बादलीत तळाला वाटाण्याएवढी खडी, पाइप झाकेल एवढी. तिच्यावर तीन बोटं ज्वारीएवढी खडी आणि मग साधारण बारा सेंटिमीटर वाळू. हा क्रम मोडायचा नाही, नाहीतर बारीक दाणा जाड दाण्यांच्या फटींतून खाली निसटतो. वरती भोकं पाडलेली स्टीलची ताटली ठेवा, म्हणजे ओतलेल्या पाण्याच्या धारेने वाळूत खड्डा पडत नाही. हिच्या निपलला बाहेरून कॉक लावायचा.

कोळशाच्या बादलीत तळाला तशीच थोडी खडी, तिच्यावर जाळीचा एक गोल तुकडा आणि त्यावर भिजलेला कोळसा, साधारण आठ सेंटिमीटर. कोळसा बादलीत आधी पाणी ठेवून त्यात सोडा, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही. वर पुन्हा जाळी आणि ताटली.

कोळशाच्या बादलीचा बाहेरचा पाइप एल्बो लावून वर न्यायचा, कोळशाच्या थरापेक्षा तीन बोटं उंच, आणि तिथून वळवून खाली पिंपात सोडायचा. त्यामुळे कोळसा कायम पाण्यात बुडून राहतो. कोरडा पडला की त्यात हवेच्या वाटा तयार होतात आणि पाणी कोळशाला न शिवता त्याच वाटेने पळतं. वरच्या वळणाच्या माथ्यावर तापवलेल्या सुईने एक भोक पाडायला विसरू नका. ते नसेल तर खाली जाणारी धार सायफनसारखी ओढ घेते आणि बादली कोरडी करूनच थांबते.

शेवटी वेग. वाळूच्या बादलीचा कॉक इतका बारीक ठेवा की मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी उतरेल. चार लिटर कोळशातून या वेगाने जाताना पाण्याला सुमारे वीस मिनिटांचा सहवास मिळतो, घरच्या कामाला तो भरपूर झाला. तासाला बारा लिटर. संध्याकाळी वरची बादली दोन-तीनदा भरली की रात्रीपर्यंत चौघांचं पाणी होतं.

पहिलं वीस-तीस लिटर पाणी झाडांना घाला. काळी कणी येणं पूर्ण थांबेपर्यंत पिंप लावू नका.

गढूळ पाण्याचे दिवस

जुलैमध्ये पाणी चहासारखं येतं तेव्हा ते थेट वाळूवर ओतू नका. आधी निवळू द्या. कात्रजच्या तलावावरून पेशव्यांनी शहरात पाणी आणलं, तेव्हाही एका तलावात गाळ बसवून वरचं पाणी दुसऱ्यात घेण्याची सोय होती. पाण्याला उसंत दिली की अर्धं काम तेच करतं. तुरटीचा खडा वीस लिटरच्या भांड्यात चार-पाच वेळा गोल फिरवायचा, सावकाश ढवळायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. तुरटी जास्त झाली तर पाणी तुरट लागतं, तेव्हा हात आवरता ठेवा.

शेवटची पायरी

पिंपातलं पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक ते तीन मिनिटं पुरतात. पुण्याच्या उंचीवर, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, जंतू मारायला तेवढं पुष्कळ आहे. वीस मिनिटं उकळल्याने नुकसान नाही, फक्त गॅस जातो. गार झालं की झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि ओगराळ्याने किंवा तोटीने घ्या. पेला बुडवला की सगळी मेहनत वाया.

उकळणं जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने, आणि अर्धा तास थांबणं. हे थेंब नेहमी फिल्टरच्या नंतर, पिंपातल्या पाण्यात. आधी घातले तर कोळसा ते खाऊन टाकतो. उन्हाळ्यात गच्ची मोकळी असेल तर आणखी एक मार्ग: नितळ पाणी स्वच्छ, पारदर्शक पेट बाटल्यांत भरून कडक उन्हात सहा तास आडवं ठेवायचं, आभाळ असेल तर सलग दोन दिवस.

कोळसा थकला हे कसं ओळखायचं

वास परत आला म्हणजे थकला, हे खरं, पण तोवर उशीर झालेला असतो. क्लोरीन तपासायचे थेंब मिळतात, ज्यांना पाणीपुरवठ्याची माणसं ओटी टेस्ट म्हणतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. महिन्यातून एकदा नळाचं पाणी आणि फिल्टरचं पाणी दोन्ही तपासा. नळाचं पिवळं आणि फिल्टरचं रंगहीन, तर कोळसा काम करतोय. फिल्टरचंही पिवळं व्हायला लागलं की बदला. नळाच्याच पाण्याला रंग आला नाही, तर या चाचणीतून कोळशाबद्दल काहीच कळत नाही. उलट त्या दिवशी पाणी जास्तच जपून उकळा. तपासलेलं पाणी मोरीत ओतायचं, त्याची चवही घ्यायची नाही.

मी चाचणी काहीही सांगो, तीन महिन्यांनी कोळसा बदलतेच, कारण त्या छिद्रांत जंतूंना बसायला जागा आणि खायला अन्न दोन्ही मिळतं. कोळशाला बुळबुळीत थर किंवा कुबट वास आला तर तीन महिन्यांचीही वाट पाहू नका. वाळूचा वेग मंदावला की वरची दोन बोटं वाळू काढून धुवायची, पावसाळ्यात आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. पिंप दर आठवड्याला घासायचं. रोज सकाळी पहिला लिटरभर, रात्रभर कोळशात थांबलेला, झाडांना.

दिवाळीत गावाला जाताना दोन्ही बादल्या रिकाम्या करून, कोळसा काढून सुपात पसरून वाळवा. परत आल्यावर तो मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळून, गार करून पुन्हा भरा. उकळल्याने तो नवा होत नाही, फक्त त्यातले जंतू मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची मोजणी जुनीच चालू ठेवायची. काढून टाकायचा कोळसा मी कुंड्यांतल्या मातीत मिसळते. आमच्या गॅलरीतली ओव्याची झाडं त्यात चांगली धरली आहेत.